आमची वाटचाल : वॉर्मर, प्रोब आणि एल-वन

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये पहिल्यापासून एकच माल बनतो, नवजात बाळांचे रेडियंट वॉर्मर. वर हीटर, खाली पाळणा, मध्ये कंट्रोलर; बघणाऱ्याला यंत्र एवढंच दिसतं. आमच्या लेखी यंत्र म्हणजे बाळाच्या पोटाला चिकटवलेला प्रोब, म्हणजे त्याचं तापमान कंट्रोलरला सांगणारी तार. बाकीचं सगळं त्याच्या हुकमावर चालतं.

प्रोबच्या टोकाला थर्मिस्टरचा मणी; तापमानाप्रमाणे त्याचा विद्युतरोध (ओहम) बदलतो. आमचा २५ अंशांना २२५२ ओहमचा, ३७ ला १३५५ च्या आसपास. इथं एक अंश म्हणजे साधारण ५७ ओहम. तापमान वाढलं की ओहम घटतात, एवढं डोक्यात ठेवलं तर निम्मे बिघाड फोनवरच सापडतात. जॅक (प्रोब यंत्राला जोडायची पिन) सैल झाला, मळ धरला, ५७ ओहम वाढले, की ३७ चं बाळ कंट्रोलरला ३६ चं दिसतं आणि हीटर तापवत राहतो. केबलमध्ये ओल शिरली तर उलटं. बाळ गरम आहे असं समजून हीटर हात आखडता घेतो आणि दीड किलोचं बाळ गार पडत जातं. अलार्म दोन्ही वेळा गप्प, कारण तार तुटलेली नसते. म्हणून टेस्टिंग टेबलावर रेझिस्टन्स बॉक्स (प्रोबच्या जागी हवे तेवढे ओहम लावायची पेटी) आधी, बाकी सगळं नंतर. १३५५ लावल्यावर डिस्प्लेवर ३७.० आलं नाही तर ते यंत्र पेटीत जात नाही.

मिरजेतले एक बालरोगतज्ज्ञ आमचे पहिले गिऱ्हाईक. सर हीटरकडे बघतच नसत. प्रोब हातात घेऊन जॅकच्या मानेशी केबल वाकवत. केबल तिथंच तुटते, कारण रोज स्पिरिटनं पुसून पुसून पीव्हीसी कडक होतं. एकदा म्हणाले, "तुमचा हीटर ६०० वॅटचा. माझ्याकडे रात्री १८० व्होल्ट येतात, मग तो केवढ्याचा?" उत्तर जेमतेम ३७०. तेव्हापासून आम्ही ८०० चा बसवतो; १८० ला निदान ४९० तरी पडतात.

पुढे जिल्हा रुग्णालयांत एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचे विशेष कक्ष) झाले, टेंडरं निघाली आणि आमची साडेसाती सुरू झाली. एका स्पर्धकानं (नाव घेत नाही) आमच्या वॉर्मरची ड्रॉवरच्या मुठीसकट नक्कल केली. फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे हीटरची लाइन तोडणारा जादा स्विच, गाळला. हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, सॉलिड स्टेट रिले, बिघडला की बहुतेक वेळा 'चालू'मध्येच अडकतो. मग कंट्रोलरनं कितीही सांगितलं तरी हीटर बंद होत नाही. त्यासाठी आम्ही लाइनमध्ये वेगळा कॉन्टॅक्टर टाकतो, त्याचं सर्किटही वेगळं. त्याला पैसे लागतात, आणि टेंडरच्या तुलनात्मक तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता. ते एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचे; आम्ही घरी. त्यात जुन्या पुरवठ्याची बिलं अडकलेली, ओव्हरड्राफ्ट भरलेला, बँकेची नोटीस दारात. कारागिरांना अर्धा पगार दिला. शीट बेंडिंग मशीन विकलं, ते अजून सलतं. सरांनी तेव्हा चार वॉर्मरचे पैसे आगाऊ पाठवले. ऑर्डरीत अट एकच: जादा प्रोब आठ.

पुढे त्याच एसएनसीयूंमधून एल-वनचे वॉर्मर दुरुस्तीला आमच्याच शेडमध्ये येऊ लागले. हीटर ठणठणीत, प्रोब गेलेला. वरची उष्णता परतवणारे चमकदार स्टिकर संपले म्हणून प्रोब साध्या चिकटपट्टीनं लावलेले. अशानं वरची उष्णता थेट मण्याला लागते, आकडा चढतो, हीटर उतरतो.

मधली वर्षं सुरळीत गेली. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर मात्र गिऱ्हाईक वायरिंगबद्दल विचारू लागलं. आमचे दहा वॉर्मर म्हणजे ८ किलोवॅट, सुमारे ३५ अँपिअर. एक्स्टेंशन बोर्ड दिसला तर आमचा माणूस यंत्र जोडत नाही, मग कोणी कितीही रागावो.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. प्रोब पोटावर उजवीकडे, बरगडीच्या खाली. हाडावर नको, आणि बाळ त्यावर पालथं नको. सेटिंग ३६.५. तरीही काखेत थर्मामीटर लावाच, ३६.५ ते ३७.५ हवं. मॅन्युअल मोड पाळणा आधी तापवायला. बाळ ठेवलं की स्किन मोड, म्हणजे हीटर प्रोबच्या हुकमावर. पंखा बंद. एसीचा झोत पाळण्यावर आला तर ८०० वॅटही कमी पडतात. दोन किलोच्या आतल्या बाळाला आईच्या छातीवर घेता येत असेल तर वॉर्मरवर ठेवूच नका. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२२ मध्ये कांगारू केअर (बाळाला असं छातीशी धरणं) जन्मल्यापासूनच सुरू करा असं सांगितलंय. वॉर्मर विकणाऱ्यानं हे बोलावं का, असं आमचाच सेल्समन विचारतो. तेवढीच एक जागा जास्त आजारी बाळाला मोकळी होते.

आणि खरेदीच्या ऑर्डरीत दर वॉर्मरमागे तीन प्रोब आणि स्टिकरचं पाकीट लिहून घ्या. कंपनी 'तो प्रोब आता येत नाही' म्हणाली तर जुना आमच्याकडे पाठवा. दुसऱ्यांच्या यंत्रांचेही करून देतो. फक्त २२५२ चा आहे की १०,००० चा, तेवढं आधी कळवा.