जांभळ्या नळीतलं अर्धा मिली रक्त

बीपीएमटीची, म्हणजे पॅरामेडिकल पदवीची, तीन वर्षं संपून इंटर्नशिप सुरू झाली, त्याचा तिसरा महिना. मेडिसिन वॉर्डातल्या एका आजींची शीर काही केल्या सापडत नव्हती. दुसऱ्यांदा टोचल्यावर सिरिंजमध्ये जेमतेम तीन मिली रक्त आलं. सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजायची, जांभळ्या झाकणाची नळी मी आधी भरली आणि बायोकेमिस्ट्रीच्या लाल नळीला रक्त कमी पडलं. आजींना तिसऱ्यांदा टोचणं जिवावर आलं. मी जांभळीतलं साधारण अर्धा मिली लालमध्ये ओतलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं वाटलंच नाही.

अकराच्या सुमारास लॅबमध्ये सरांनी मशीनवरचा आकडा मोठ्याने वाचला. पोटॅशियम 8.7. एरवी ते 3.5 ते 5 च्या आसपास असतं. इतकं वाढलं तर हृदय कधीही थांबू शकतं, म्हणून वॉर्डला लगेच फोन जातो. सरांनी रिसीव्हर उचललाही. पण तेवढ्यात त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. कॅल्शियम 4.1, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहूनही कमी. त्यांनी नळी उजेडात धरली. लाल पेशी फुटून त्यांतलं पोटॅशियम बाहेर आलं असतं, तर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, लालसर दिसलं असतं, हे स्वच्छ पिवळं होतं.

"आजींचं कलेक्शन कुणी केलं?"

माझ्या हातापायांतलं बळच गेलं. जांभळ्या नळीतलं ईडीटीए म्हणजे पोटॅशियमचाच क्षार. ते कॅल्शियमला पकडून ठेवतं, म्हणून तर त्या नळीत रक्त गोठत नाही. हे उत्तर मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. लाल नळी आधी, जांभळी नंतर, हा क्रमही तोंडपाठ होता. सकाळी वॉर्डात यातलं काहीच आठवलं नाही.

"सर, मी. जांभळीतलं थोडं ओतलं."

ते ओरडले नाहीत. वॉर्डला फोन करून म्हणाले, "आधीचा नमुना बाद धरा, नवीन घेतोय. तोवर पोटॅशियमसाठी काही देऊ नका." मग माझ्याकडे वळले. "तो आकडा खरा धरला असता, तर पोटॅशियम उतरवायला ग्लुकोजबरोबर इन्सुलिन दिलं असतं. ज्यांचं मुळात बरोबर आहे, त्यांचं ते कुठे गेलं असतं?" मला उत्तर माहीत होतं. तोंडातून शब्द फुटला नाही.

ट्रे घेऊन पुन्हा वॉर्डात गेले. सकाळच्या जागी हात काळानिळा झाला होता. "आजी, सकाळी माझ्याकडून चूक झाली, परत रक्त घ्यावं लागेल," एवढंच म्हणता आलं. त्यांनी दुसरी बाही वर सारली. "ह्या हाताची बघ बाळा, हिकडची बरी सापडते."

या वेळी लाल नळी आधी भरली. पोटॅशियम 4.3, कॅल्शियम 9.2. संध्याकाळी सरांनी चुकांची नोंदवही पुढे ठेवली. तारीख, नमुन्याचा क्रमांक, काय झालं, कुणाकडून. शेवटच्या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं.