तुम्ही विचारलंत म्हणून: बाळंतविडा घरी शिवायचा तर काय शिवावं?

डोहाळजेवण किंवा बारसं जवळ आलं की हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: तीन दुपटी, दोन झबली आणि आईसाठी एक पिशवी. बाळाच्या अंगाला लागणार ते अगदी साधं ठेवा. हौस, रंग, खण, लेस, सगळं पिशवीवर करा. दुपटं दिवसातून दोनदाही धुवावं लागतं, त्यामुळे जे धुण्यात टिकत नाही ते देण्यात अर्थ नाही.

दुपट्यासाठी सुती मलमल घ्या, पन्हा (कापडाची रुंदी) किमान 40 इंच. दोन पदरी दुपटं 36 इंच चौरस हवं असेल तर सव्वादोन मीटर कापड लागतं. कापायच्या आधी ते कोमट पाण्यात तासभर भिजवून, धुऊन, वाळवून इस्त्री करा. मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज आटतं. हे टाळलं तर पहिल्याच धुण्यात दुपटं वाकडं होतं, कारण उभा आणि आडवा धागा सारखा आटत नाही. एक पदर नवा आणि एक जुन्या साडीचा असेल तर नवा आटतो आणि जुन्याला फुगे येतात. जुनी सुती साडी मात्र जरूर वापरा, तिच्याइतकं मऊ कापड दुकानात मिळत नाही. फक्त जरीचा काठ काढून टाका, तो टोचतो.

मलमल कात्रीने सरळ कापायला जाऊ नका. काठाशी छोटा छेद द्या आणि फाडा; ती धाग्याच्या रेषेत फाटते आणि चौकोन खरा येतो. दोन्ही सुलट बाजू आत ठेवून कडेपासून 1 सेंटीमीटरवर शिवण मारा, चार बोटं जागा उघडी सोडा, कोपरे तिरके छाटा आणि उलटवा. उघडी जागा आत दुमडून चारी बाजूंनी कडेला पुन्हा टीप मारा. मग दर सहा इंचांवर हाताने धावदोरा घाला, नाहीतर धुताना दोन्ही पदर एकमेकांवरून सरकून गोळा होतात.

मलमलीला मशीनची सुई 11 नंबरची लागते. 16 नंबरच्या सुईने भोकं पडतात आणि शिवण चुणते. सुरुवातीलाच कापड मशीनच्या भोकात ओढलं जात असेल तर खाली पातळ कोरा कागद ठेवून शिवा आणि नंतर तो फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

झबलं पुढून पूर्ण उघडणारंच शिवा. नवजात बाळाचं डोकं छातीपेक्षा थोडं मोठं असतं आणि मानेला आधार लागतो, म्हणून डोक्यातून घालायचं झबलं आईला रडकुंडीला आणतं. तीन महिन्यांपर्यंत छातीचा पूर्ण घेर 20 इंच आणि लांबी 11 इंच पुरते. दुसरं झबलं एक माप मोठं शिवा, कारण भेट आलेले बहुतेक कपडे एकाच मापाचे असतात आणि एकदमच लहान होतात. गळ्याला सव्वा इंच रुंद उरेब पट्टी, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेत कापलेली पट्टी, लावा. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर वळत नाही, तिला चुण्या पडतात आणि त्या मानेला घासतात. पट्टी लावताना किंचित ताणा, गळा मात्र अजिबात ताणू नका. बांधायचे बंद काखेखाली बाजूला घ्या, सहा इंचांचे, शिवणीत अडकवून तीनदा मागेपुढे टीप मारलेले. गळ्याशी नाडी नको. बटणं, मणी, टिकल्याही नकोत. सुटलेलं बटण थेट बाळाच्या तोंडात जातं.

मोहरीच्या उशीबद्दल बरेच जण विचारतात. मी ती शिवू नका असंच सांगते. पहिल्या वर्षात बाळाला उशी देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि उशीची शिवण उसवली तर मोहरी पाळण्यात सांडते. तेवढ्या वेळात चौथं दुपटं होईल.

आता पिशवी. बाहेरून खण, आतून जाड सुती अस्तर. खणाचे धागे कडेला पटकन सुटतात, म्हणून कापायच्या आधीच मागून इस्त्रीने फ्युजिंग (उष्णतेने चिकटणारं पातळ कापड) चिकटवा. 16 इंच रुंद आणि 17 इंच उंच असे दोन तुकडे बाहेरचे, दोन अस्तराचे. खालच्या प्रत्येक कोपऱ्यातून 2 इंचांचा चौकोन कापा. बाजू आणि तळ शिवून झाले की बाजूची आणि तळाची शिवण एकमेकींवर ठेवून तो कोपरा आडवा शिवा, म्हणजे 4 इंच रुंद तळ मिळतो. अस्तर बाजूंनी सूतभर आत शिवा, नाहीतर ते आत लोंबतं. सुई इथे 16 नंबरची. पिशवी बहुतेक वेळा पट्ट्याशीच फाटते: सुती नवारीचा पट्टा घ्या, टोक दीड इंच खाली न्या आणि चौकोन मारून त्यात फुली शिवा. त्या जागी अस्तराच्या आत जाड कापडाचा तुकडा ठेवलात तर भरलेली बाटली आणि ओले कपडेसुद्धा पिशवी पेलते.

देण्याआधी बाळाचं सगळं सौम्य साबणाने एकदा धुवा. शिवायला बसताना टाचण्या मोजून घ्या आणि उठताना पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत काही बांधू नका.