गप्प बसा, जाहिरात लागलीय

"श्श, जाहिरात लागलीय!" सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, बघायला जमलेल्या घोळक्यात आज हे ऐकलं. खेळ चालू असताना समोशांवर गप्पा, आणि ब्रेक लागला की चिडीचूप. आयपीएल बघताना असं कोणी कोणाला गप्प करतं का?

तिकडे विकली जाते ३० सेकंदांची जागा. २०२५ मध्ये तिचा दर ८० लाख डॉलरपर्यंत गेला होता, आणि बहुतेक जाहिराती सामन्यात एकदाच दिसतात. आपल्याकडे भाव १० सेकंदांचा. तेवढ्यात विनोदाची नुसती मांडणी होते. वर तीच जाहिरात ओव्हरमागून ओव्हर. चौथ्यांदा कुठलाही विनोद मरतोच.

अपवाद २००९ चे झूझू, आयपीएलच्या जाहिरातींतली ती अंडाकृती डोक्याची पांढरी पात्रं. रोज एक नवी, या बेताने व्होडाफोनने तीसेक फिल्म करून ठेवल्या होत्या. अ‍ॅनिमेशन नव्हतंच ते! पांढऱ्या सूटमधली खरी माणसं, पोटात फोम भरलेला, आणि चित्रीकरण सेकंदाला २० फ्रेम्सने, नेहमीपेक्षा कमी, म्हणून पडद्यावर हालचाल तुरुतुरु. (सेटही मुद्दाम मोठे, माणसं बुटकी दिसावीत म्हणून.) इतका खटाटोप केला की ती करमणूकच, माझ्या लेखी.

उलट २०२२ ला कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने सुपर बोलमध्ये मिनिटभर नुसता क्यूआर कोड फिरवला, डीव्हीडी प्लेअरच्या स्क्रीनसेव्हरसारखा. लोकांनी इतका स्कॅन केला की साइटच बसली. धंदा म्हणून जबरदस्त. पण दुसऱ्यांदा बघेल कोण?

आणि झूझू नेमकं काय विकत होते, आठवतंय का कोणाला?