चिठ्ठीवर फक्त 'स्पीच थेरपी' लिहिलं होतं, आणि बाबांची नळी तीन आठवडे लांबली

डिस्चार्ज कार्डावरच्या दोन शब्दांमुळे बाबांची राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात अन्न पोचवणारी नळी, तीन आठवडे जास्त राहिली. ज्यांच्या घरी पक्षाघाताचा, पार्किन्सनचा किंवा स्मृतिभ्रंशाचा वयस्कर पेशंट आहे त्यांनी निदान एवढा भाग वाचावा, म्हणून तो आधी लिहिते.

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा १०८ वेळेत पोचली, वॉर्डात नर्सनी नीट पाहिलं, फिजिओथेरपी तिसऱ्या दिवशी सुरू झाली. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. घरी सोडताना बाबांना दोन अडचणी उरल्या होत्या: शब्द सापडत नव्हते, आणि चमचाभर पाण्यानेसुद्धा ठसका लागत होता. या दोन्हींवर काम करणारी व्यक्ती एकच असते, स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र हे सगळं बोलायलाही लागतं आणि गिळायलाही, म्हणून ही दोन्ही कामं एकाच शिक्षणात येतात. आपल्याकडे मात्र 'स्पीच थेरपी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उशिरा बोलायला लागलेलं लहान मूलच येतं.

कार्डावर लिहिलं होतं, 'रेफर टू ईएनटी, स्पीच थेरपी'. बऱ्याच हॉस्पिटलांत हा विभाग कान-नाक-घशाच्या ओपीडीखाली असतो, त्यामुळे मी तिथल्या काउंटरवर गेले. काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठी वाचली, रजिस्टर उघडलं आणि पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली. मी म्हटलं, नाकात नळी आहे, तोंडाने काहीच जात नाही. त्या म्हणाल्या, "नळीचं इथे नाही, ते मेडिसिनवाल्यांना विचारा. ही स्पीचची लाइन." मेडिसिनच्या ओपीडीत सांगितलं, नळी कधी काढायची ते स्पीचवाले सांगतील. पुन्हा खाली आले, तर तोवर साडेबारा वाजून काउंटर बंद झालेलं.

दुसऱ्या खेपेला बाबांनाच घेऊन गेले. फोंड्याहून टॅक्सी, व्हीलचेअर, गालावर चिकटपट्टीने बसवलेली नळी, आणि आजूबाजूला कानाच्या तपासणीसाठी आणलेली तीन-चार वर्षांची मुलं. दोन तासांनी सांगण्यात आलं की स्पीचच्या पेशंटची आधी ऑडिओग्राम लागते, तिची तारीख वेगळी. बोलण्याच्या थेरपीआधी ऐकू किती येतं ते बघणं योग्यच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण गिळण्याच्या तपासणीसाठी ऑडिओग्राम लागत नाही, आणि हे त्या काउंटरवर कोणी सांगितलं नाही. त्या दिवशी परत येताना बाबा खूप दमले होते, नळीच्या बाजूची नाकपुडी लाल झाली होती. तो राग माझा अजून गेलेला नाही.

तिसऱ्या खेपेला मी काउंटरवर गेलेच नाही. वॉर्डातल्या ज्या निवासी डॉक्टरांनी बाबांना पाहिलं होतं त्यांना ओपीडीच्या दारात गाठलं आणि चिठ्ठी नव्याने लिहून मागितली. त्यांनी लिहिलं: 'स्वॅलो इव्हॅल्युएशन, डिस्फेजिया, राईल्स ट्यूब इन सिटू, अर्जंट'. म्हणजे गिळण्याची तपासणी हवी, गिळायला त्रास आहे, नळी अजून आत आहे, तातडीचं. तीच खिडकी, त्याच बाई, तेच रजिस्टर. तारीख मिळाली परवाची.

म्हणून चिठ्ठी हातात पडली की तिथेच उभं राहून वाचा. 'डिस्फेजिया' किंवा 'स्वॅलो इव्हॅल्युएशन' यांपैकी एक शब्द तिच्यावर हवाच. सोबत झटका कधी आला ती तारीख, नळी कधी घातली ती तारीख, मधे ताप किंवा न्यूमोनिया झाला का, आणि पेशंट पंधरा मिनिटं जागा राहून बसू शकतो का, एवढं असावं. हा शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अर्धवट गुंगीत असलेल्या माणसाची गिळण्याची तपासणी करत नाहीत, त्या दिवशी परत पाठवतात. बाबांना रात्री झोपेची गोळी होती, त्यामुळे आम्ही सकाळी अकरानंतरची वेळ मागून घेतली.

घाई कशासाठी, तेही सांगते. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर आणखी कमजोर होतात. नळी नाकातोंडात टोचत राहते, पेशंट ती ओढून काढतो, पुन्हा घालावी लागते. आणि साधारण चार आठवड्यांच्या पुढे नळी लागेल असं दिसलं की पोटातून घालायच्या पेगच्या नळीचा विषय निघतो. काहींना ती खरोखर लागते आणि तिची सोयही होते. पण तो निर्णय तपासणीनंतर व्हावा, तारखेची वाट बघता बघता चार आठवडे उलटले म्हणून होऊ नये.

हे आधी लिहायला हवं होतं: पेशंट अजून वॉर्डात असेल तर रेफरन्स तेव्हाच मागा. दाखल पेशंटला थेरपिस्ट खाटेपाशी येऊन बघतात, रांग लागत नाही. आम्हाला हे उशिरा कळलं.

प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या तासाची. थेरपिस्टनी आधी तोंड उघडून जीभ, दात, कवळी पाहिली, खोकायला सांगितलं, 'आऽ' म्हणायला लावलं. मग दोन बोटं कंठमण्यावर ठेवून चमचाभर पाणी दिलं. गिळताना कंठमणी वर उचलला जातो की नाही, आणि किती उशिराने, ते बोटांना कळतं. प्रत्येक घोटानंतर पुन्हा 'आऽ'. आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला तर पाणी स्वरयंत्रापाशी साठलं आहे असं समजतात. बाबांचा आवाज पातळ पाण्यावर ओला झाला, दाट केलेल्या पाण्यावर स्वच्छ राहिला.

यंत्राशिवाय केलेल्या अशा तपासणीत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे ठसका न लागता श्वासनलिकेत जाणारं अन्न. घशाची संवेदना कमी झालेली असेल तर खोकला येतच नाही. 'ठसका लागत नाही, म्हणजे व्यवस्थित गिळतात' यावर विसंबू नका. शंका असेल तर दोन तपासण्या सांगतात. पहिलीत बेरियम घातलेले निरनिराळ्या दाटपणाचे घास गिळताना हलता एक्स-रे घेतात. दुसरीत नाकातून बारीक कॅमेरा घालून रंग दिलेले घास घशात कसे उतरतात ते बघतात. एक्स-रेसाठी पेशंटला ताठ बसता यावं लागतं, कॅमेऱ्याची तपासणी खाटेवरही होते. त्या तपासणीत नेमक्या गिळण्याच्या क्षणी पडदा पांढरा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही तपासण्या सगळीकडे होत नाहीत, आधी फोन करून विचारा.

आता पेजेबद्दल. आजारी माणसाला पेज द्यायची हे आपल्या गोव्यात कोणाला शिकवावं लागत नाही. घरी आल्यावर शेजारणीने पहिल्याच दिवशी उकड्या तांदळाची पेज आणून दिली. गिळायला त्रास असलेल्या माणसासाठी अशी पेज अवघडातल्या अवघड पदार्थांपैकी आहे. वरचं पाणी पातळ, तळाला शीत. जीभ शीत गोळा करेपर्यंत पाणी घशात उतरलेलं असतं. चहात बुडवलेल्या पावाचं तेच, दाबला की चहा सुटतो आणि पावाचा चिकट गोळा उरतो. दुधातली बिस्किटं, रसाळ कलिंगड, पातळ हुमणात (माशाच्या आमटीत) कालवलेला भात, सगळे त्याच वर्गातले. आईस्क्रीम आणि जेली दिसायला घट्ट असली तरी तोंडात वितळून पाणी होतात.

पेज बंद करायची गरज नाही. आम्ही ती जास्त शिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून देतो. पण इथेही एक खाच आहे. पेज पिठूळ, म्हणजे स्टार्चवर दाट होते. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं. बाबांना भरवून तोच चमचा वाटीत परत घातला की शेवटी वाटीतली पेज पाण्यासारखी व्हायची, आणि ठसका नेहमी शेवटच्या चार चमच्यांना लागायचा. कारण कळायला आम्हाला आठवडा लागला. मोठ्या वाटीत करा, लहान वाटीत थोडी थोडी घ्या, लहान वाटीत उरलेली टाकून द्या. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या दाट करायच्या पावडरींत झँथन गमवाली घ्या, तिच्यावर लाळेचा परिणाम होत नाही. डब्यावर घटक लिहिलेले असतात. पावडर घातली की काही मिनिटं थांबून मग दाटपणा बघा, लगेच आणखी घालू नका.

'थोडं दाट करा' हे सांगणं निरुपयोगी आहे. माझं दाट वेगळं, रात्रपाळीच्या बाईचं वेगळं. जगभर आता त्यासाठी ० ते ७ अशी पायरी वापरतात, तिला आयडीडीएसआय म्हणतात: पेयं ० ते ४, खाणं ३ ते ७. आपल्या पेशंटसाठी थेरपिस्टकडून आकडा लिहून घ्या. तो घरी मोजता येतो. १० मिलीची सिरिंज आणा, सुई नको, आतला दट्ट्या काढा. खालचं तोंड बोटाने दाबून १० मिलीच्या रेघेपर्यंत पेय भरा, बोट काढा, घड्याळात १० सेकंद मोजा, पुन्हा बोट लावा. आत १ मिलीहून कमी उरलं तर पायरी ०, म्हणजे साधं पाणी. १ ते ४ मिली उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं तर ३. थेंबही गळला नाही तर ४. सिरिंज घेताना पट्टीने मोजा: शून्यापासून १० च्या रेघेपर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर हवं, नाहीतर हिशेब चुकतो. आणि ज्या तापमानाला देणार त्याच तापमानाला मोजा, कारण गार झाल्यावर पेज घट्ट होते. आमच्या मोरीपाशी ही सिरिंज आणि एक जुनं मनगटी घड्याळ खिळ्याला टांगलेलं आहे.

खाण्यासाठी काटा वापरतात. पायरी ५ म्हणजे ओलसर आणि इतकं बारीक की कण काट्याच्या दोन दातांमधून जावा, साधारण ४ मिलिमीटर. पायरी ६ ला तुकडा दीड सेंटिमीटरपर्यंत चालतो, पण काट्याने अंगठ्याचं नख पांढरं होईल एवढ्या जोराने दाबला की चुरडला पाहिजे आणि सोडल्यावर पुन्हा फुगता कामा नये. पाव यात बसत नाही. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल दारात आली की बाबा अजून वळून बघतात, त्याचं वाईट वाटतं. मासा द्यायचा तर इसवण (सुरमई), काटा आणि कातडी काढून, जाड हुमणात कुस्करून.

भरवताना पेशंट खुर्चीत ताठ, पाय टेकलेले, भरवणारा समोर बसलेला. उभं राहून भरवलं की मान वर जाते आणि श्वासनलिका उघडी पडते. हनुवटी खाली घेऊन गिळायला लावणं सगळ्यांना लागू पडत नाही, काहींना त्याने उलट जास्त जातं, तेव्हा तपासणीत सांगितलं असेल तरच करा. चहाचा चमचा वापरा. स्ट्रॉ आणि टीव्ही दोन्ही नको. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. जेवायला नेहमी अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागायला लागला, वजन उतरलं, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, तर डॉक्टरांना कळवा.

दाट पेयं पोटभर प्यायली जात नाहीत, त्यामुळे पाणी कमी पडतं. लघवी गडद झाली की समजा. आम्ही दिवसभरात किती मिली गेलं ते कॅलेंडरच्या मागे लिहितो.

गोळ्यांचं राहिलं. पट्टीवर एसआर, एक्सआर, सीआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असं असेल किंवा गोळीला आतड्यात विरघळणारं आवरण असेल तर ती कुटायची नसते, नळीतूनही नाही. दुसऱ्या रूपात मिळते का ते डॉक्टरांना विचारा.

नळी असेपर्यंत तोंड कोरडं असतं म्हणून आम्ही दात घासणं सोडलं होतं. ती चूक करू नका. नळीने अन्न पोटात गेलं तरी लाळ घशातूनच उतरते, आणि घाण तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया होतो. दिवसातून दोनदा ब्रश, पाणी अगदी कमी, मान किंचित पुढे. कवळी रात्री काढून धुवा. नळीतून भरवताना डोकं निदान ३० ते ४५ अंश वर, आणि नाकपुडीपाशी नळीवर असलेला आकडा रोज बघा. तो सरकलेला दिसला तर भरवू नका.

बोलण्याची थेरपी नंतर सुरू झाली. पहिल्या दिवशी दाखवलेली चित्रं सफरचंद, ट्रेन, बर्फाचा माणूस अशी होती, शब्द इंग्रजी-हिंदीत. बाबा घरात कोकणी बोलतात, शाळा मराठी, वर्तमानपत्र मराठी. वाचाघातात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा जाते त्यात, प्रत्येक भाषेची हानी सारखीच होते असं नाही, म्हणून कोणती भाषा कशासाठी वापरत होते ते पहिल्याच भेटीत सांगा. आम्ही विळी, कोयता, नारळ, छत्री, कदंब बस यांचे फोटो काढून नेले. वर्तमानपत्राचे ठळक मथळे बाबा महिन्याभरात वाचू लागले, कोकणीतलं बोलणं त्यानंतर परतलं. आणि सर्वांत आधी 'हो' आणि 'नाही' यांवर भरवसा ठेवता येतो का ते तपासा. उत्तर आपल्याला माहीत असलेले दहा प्रश्न विचारा, पाच 'हो'चे, पाच 'नाही'चे, मिसळून. बाबा दुखत असतानाही 'हो, बरं आहे' म्हणायचे. चष्मा आणि कानाचं यंत्र लावल्याशिवाय काहीच विचारू नका.

घरी येणारा थेरपिस्ट ठेवणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. बोलण्याच्या सरावाला व्हिडिओ कॉल चालतो, गिळण्याची पहिली तपासणी मात्र समोरासमोरच हवी.

बाबांची नळी निघाली. खाणं आता पायरी ५, चहा पायरी २. पुढची तपासणी चतुर्थीनंतर आहे. तिची चिठ्ठी मी आत्ताच लिहून घेतली आहे, आणि तिच्यावर 'स्वॅलो इव्हॅल्युएशन' पहिल्या ओळीत आहे.