चरा जुना की नवा?

आजोबांचा वस्तरा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडला. जर्मनीतल्या झोलिंगेनचा, गावाचं नाव मुठीजवळ कोरलेलं. वेंगुर्ल्याची खारी हवा इतकी वर्षं सोसूनही गंज फक्त पाठीवर होता. तो उतरवला, १००० नंबरच्या दगडावर धार बसवली, ४००० वर घासली (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). एका रविवारी एवढं सगळं झालं. अडलो ते ८००० वर, आणि तिथे माझे तीन आठवडे गेले.

भिंगातून बघितलं की धारेलगतचा अरुंद उतार आरशासारखा लख्ख, आणि त्यातच तीन-चार खोल चरे धारेपर्यंत गेलेले. दाढी करताना नेमकं तिथेच गालावर ओढल्यासारखं व्हायचं. दगड ज्याच्याकडून मागवला त्याला फोन केला. "अजून घासा साहेब, जातील." दोनशे हात मारले, चरे तसेच. ते जाणारच नव्हते, हे मला नंतर कळलं. जपानी मापात १००० नंबरचा कण साधारण १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ८००० चा सव्वाच्या आसपास. दहापट जाड कणाने पाडलेला चरा बारीक दगडावर घासून काढायचा म्हणजे संपूर्ण उतार त्या चऱ्याच्या तळापर्यंत झिजवायचा. ते काम १००० चं. विकणाऱ्याने एवढं सांगितलं असतं तर माझा एक आठवडा वाचला असता, आणि त्याचा राग मला अजून आहे.

मग पुन्हा १००० वर गेलो. चरे गेले. ४००० झालं, ८००० वर आलो, चरे हजर. असं चार वेळा. दर खेपेला आजोबांचं पातं थोडं झिजतंय हे दिसत होतं आणि जीव तुटत होता.

पाचव्या खेपेला एक बदल केला. तोवर तिन्ही दगडांवर पातं एकाच कोनात धरत होतो, त्यामुळे सगळे चरे एकाच दिशेचे. आता १००० वर टोक पुढे ठेवून तिरकं घासलं, ४००० वर मुठीकडची बाजू पुढे, ८००० वर सरळ. मागच्या दगडाच्या रेघा शिल्लक राहिल्या तर त्या तिरक्या दिसणार. भिंग लावलं. चरे सरळ होते! म्हणजे ते उरलेले नव्हते, ८००० वरच नव्याने पडत होते. मी नको त्या दगडाला दोष देत होतो.

पण ८००० वर जाड कण आला कुठून? शेजारच्या काकांनी बाजारात चाळीस वर्षं सलून चालवलं. त्यांना बोलावलं. त्यांनी वस्तरा हातातही घेतला नाही. "पाणी खयचा घेतंस रे?" मी पडवीतली बालदी दाखवली. तिच्यात १००० चा दगड भिजत होता आणि त्याच पाण्याचे शिंतोडे मी ८००० वर मारत होतो. काकांनी बालदीच्या तळातून चिमूटभर गाळ काढला आणि माझ्या कानाशी अंगठा-बोट चोळलं. कर्र आवाज आला. "ह्या पाण्यान धार लागूची नाय."

आता प्रत्येक दगडाला वेगळं पाणी आहे. दगड बदलताना वस्तरा, हात आणि बोटांची नखंसुद्धा धुवा, नखात गाळ राहतो. ८००० चा दगड सपाट करायला मी आधी वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा सँडपेपर, वापरायचो. त्याचे सुटलेले कण दगडात रुतून बसतात, त्यामुळे आता हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी वापरतो. पेन्सिलीने चौकटी आखायच्या, त्या पुसल्या जाईपर्यंत घासायचं, मग वाहत्या पाण्याखाली धुवायचं. दगडाच्या कडाही थोड्या गोल करा, टोकदार कडेवर पातं अडलं तरी चरा पडतो. आणि दाब देऊ नका, शेवटच्या हातांना तर वस्तऱ्याच्या वजनाइतकाही नको.

दगडानंतर धार ज्यावर फिरवतो तो चामड्याचा पट्टा मी पडवीतल्या खुंटीला टांगत असे, ते बंद केलं. समुद्राकडून वारा सुटला की वाळूचे बारीक कण त्यावर येऊन बसतात, आणि ही वाळू पोलादापेक्षा कठीण. वापरण्याआधी पट्टा तळहाताने पुसून घेतो. काम झालं की पातं कोरडं करून शिलाई मशीनचं तेल लावायचं, नाहीतर आपल्या हवेत दोन दिवसांत ठिपके पडतात. ते ठिपके चरे समजून घासत बसू नका. चरा रेघ असतो, गंजाचा खड्डा गोल.

आजोबांच्या पात्यावर टोकाजवळ अजून एक चरा आहे. तो धारेपर्यंत पोचत नाही, गालाला लागत नाही. त्याच्यासाठी मी पुन्हा १००० वर जाणार नाही.