डावीकडचा 'टण्'

पावणेचारची वेळ. मागच्या सीटवर बंड्या त्याच्या पट्ट्यात अडकून बसलेला, शेजारी लेक फोनवर कुणाला तरी "हो हो, सोमवारी नक्की" म्हणत होती आणि गाडी मी चालवत होते. घराजवळचा शेवटचा स्पीडब्रेकर ओलांडला आणि डावीकडे, पुढच्या चाकापाशी कुठेतरी, 'टण्' झालं. एकदाच. पातेल्याच्या काठावर पळी झटकावी तसं.

"ऐकलंस?"

"काय?"

"टण् झालं."

"आई, प्लीज. परत नको सुरू करूस."

तिचंही अगदीच चुकत नव्हतं. आठवड्यापूर्वी दाराच्या रबरातून शिट्टी येते म्हणून मी जावयाला चारही दारं पुन्हा पुन्हा उघडझाप करायला लावली होती. त्याआधी डिकीत काहीतरी घरंगळतंय म्हणून सगळं सामान फुटपाथवर मांडलं, आणि निघाला बंड्याचा चेंडू. मला गाडीच्या आवाजांचा नाद आहे. आवाज आणि व्यसन, दोन्हीला मराठीत एकच शब्द आहे. माझ्यासारखं कुणीतरी पाहूनच तो ठरला असावा.

हा नाद स्कॉटलंडमधल्या एडिंबरात, लेकीच्या शहरात, फार फोफावतो. शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा, म्हणजे आपले ३२ किलोमीटर. या वेगात इंजिन गप्प असतं आणि बाकीचं सगळं बोलायला लागतं. त्यात जुन्या वस्तीतले रस्ते घडीव दगडांचे. इथले लोक त्या दगडांना 'सेट्स' म्हणतात. त्यांच्यावरून जाताना अख्खी गाडी मांडणीवरच्या भांड्यांसारखी वाजते. त्या गदारोळातून चुकार आवाज वेगळा काढायचा म्हणजे भरल्या मांडवात आपल्याच पोराचं रडणं ओळखायचं. सवयीने येतं.

मी मार्चमध्ये गेले होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आपल्याकडच्या लायसन्सवर तिथे वर्षभर गाडी चालवता येते, लेकीने विम्यात माझं नाव घातलं आणि माझ्याकडे दोन खाती आली: गाडी आणि बंड्या. बंड्या म्हणजे बॉर्डर टेरियर जातीचा कुत्रा, गव्हाळ रंगाचा, मिशाळ, तोंडावर कायम कुणीतरी उधारी बुडवल्यासारखा भाव. नाव जावयाने ठेवलेलं. पण तिथल्या कुणाला ते नीट ऐकू जात नाही. "बँडिट! किती गोड!" असं म्हणून बायका त्याच्यासमोर उकिडव्या बसत. पहिले काही दिवस मी दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. दरोडेखोर तर दरोडेखोर. त्याचं कर्तृत्व पाहता ते फार खोटंही नव्हतं.

बंड्याच्या गळ्यात एक पितळी बिल्ला आहे. सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळपट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असलाच पाहिजे, असा तिथे १९९२ पासून नियम आहे. अंगात मायक्रोचिप असली तरी बिल्ला हवाच. तो बिल्ला पट्ट्याच्या कडीवर आपटून सारखा टिणटिण वाजतो. झुडपात शिरला तरी पत्ता लागतो.

दिवसातून दोनदा फिरणं. खिशात पिशव्यांची गुंडाळी, कारण त्याने केलेलं उचललं नाही तर ८० पौंड दंड. पिशवी हातात मोज्यासारखी घालायची, उचलायचं, उलटी करायची, गाठ मारायची. सोवळ्याच्या घरात वाढलेली मी पहिल्या दिवशी आजीची मनातल्या मनात माफी मागून वाकले. चौथ्या दिवशी एका हातात ती पिशवी आणि दुसऱ्या हाताने शेजारीणबाईंशी हवापाण्याच्या गप्पा. माणूस कशालाही सरावतो, असं वाक्य इथे लिहिणार होते. पण खरं म्हणजे मी सरावले नव्हते, फक्त नाकाने श्वास घेणं बंद केलं होतं.

फिरायला आमची टेकडी ठरलेली, ब्लॅकफर्ड हिल. उंची १६४ मीटर, म्हणजे टेकडी म्हणायलाही जरा लाज वाटावी. पण वर उभं राहिलं की एका बाजूला किल्ला, त्याच्या उजवीकडे आर्थर्स सीटचा उंचवटा, पलीकडे समुद्र. अंगाखांद्यावर १८९६ पासूनची वेधशाळा. पलीकडच्या उतारावर एक खडक आहे, तो पाहून लुई अ‍ॅगासी या शास्त्रज्ञाने १८४० मध्ये सांगितलं होतं की ही घासण बर्फाची आहे, इथून कधीकाळी हिमनदी गेली आहे. मी त्या खडकाला हात लावून पाहिला. बंड्याने तंगडी वर केली.

एप्रिल-मेमध्ये टेकडी पिवळीधमक होते, गॉर्स नावाच्या काटेरी झुडपाच्या फुलांनी. ऊन पडलं की त्या फुलांना खोबऱ्याचा वास सुटतो. थेट ओल्या खोबऱ्याचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण नारळ खवतंय. आणि समुद्रावरून धुकं चढून आलं की दहा मिनिटांत किल्ला गायब, वेधशाळा गायब, बंड्या गायब. त्या धुक्याला तिथे 'हार' म्हणतात. हार पत्करून उभी राहायचे आणि टिणटिण ऐकत बसायचे.

दुपारी एकला किल्ल्यावरून तोफ उडते. १८६१ पासून, रविवार सोडून जवळजवळ रोज. बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. आवाजाला किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात, तेव्हा टेकडीवर तो आठेक सेकंद उशिराच पोचतो. मी घड्याळ धरून मोजायचे. वारा आमच्या बाजूचा असेल तरच यायचा, जाड ब्लँकेटखालून आल्यासारखा, 'धप्'. बंड्या दर वेळी तितकाच अपमानित होऊन किल्ल्याच्या दिशेने दोनदा भुंकायचा. हिशोब चुकता.

आर्थर्स सीटवर मात्र मी एकदाच गेले. २५१ मीटर, ज्वालामुखीचा अवशेष. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा, हा चौतीस कोटींच्या आसपासचा. शेवटचे दगड पर्यटकांच्या बुटांनी घासून गुळगुळीत झालेले, मी ते बसून बसून उतरले. बाजूने एक आजोबा शिट्टी वाजवत गेले, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठे. जाऊ दे.

तर 'टण्'.

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेल्यावर मी तपास सुरू केला. आधी बंड्याचा बिल्ला पट्ट्यातून काढून ठेवला, संशयाला जागा नको. मग त्याच रस्त्यावर चकरा. सरळ जाताना काही नाही. ब्रेक मारताना काही नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूच पार्किंगमधून निघालं की 'टण्', आणि मागोमाग चाकाखालून काहीतरी ताणून सुटल्यासारखा झटका. बंड्याने कान टवकारले. निदान घरात एकाला तरी ऐकू येत होतं.

हे सगळं अण्णांमुळे. आमच्याकडे स्कूटर होती, रविवारी सकाळी ती अंगणात उघडली जायची. बॅटरी धरायचं काम माझं. "नीट धर. तिकडे नाही, मी बघतोय तिकडे." ते कुठे बघतायत हे त्यांच्या डोक्यामागून कसं कळावं, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. स्क्रू काढतील त्या क्रमाने रॉकेलच्या ताटलीत मांडायचे. प्लग काढून तो पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, पुन्हा घासायचा. मग स्कूटर डाव्या अंगावर आडवी करायची, उभी करायची आणि किक. चालू झाली की अण्णा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, लाकडी मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. डॉक्टर लोक पाठीवर नळी ठेवून मिटतात तसे. मग तो स्क्रू-ड्रायव्हर माझ्या कानाशी यायचा. "ऐक. काय म्हणतेय?"

मला नुसती घरघर ऐकू यायची. पण मी डोळे मिटून "हं" म्हणायचे. सात वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठा मान मिळत नाही. पुढे कधीतरी त्या घरघरीत खरंच वेगवेगळे आवाज ऐकू यायला लागले, नक्की कधी ते आठवत नाही.

माझं लग्न झाल्यावर अण्णांचे फोन गाडीबद्दलच असत. सर्व्हिसिंग झालं का. हवा बघितलीस का. ऑइल कुठल्या रंगाचं निघालं. माझी तब्येत, घर, नोकरी यांतलं त्यांनी कधी काही विचारलं नाही. नंतर त्यांचे कान गेले. तरी प्रश्न तेच, फक्त उत्तर आईने ओरडून सांगायचं.

गाडीची वार्षिक तपासणी, ज्याला तिथे एमओटी म्हणतात, तीन आठवड्यांवर आली होती. १९६० पासून चालत आलेली ही परीक्षा. गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी द्यायची. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा झिजली की नापास, दिवा गेला की नापास. आपल्या पीयूसीची कडक सासूच म्हणायची. लेक म्हणाली, तेव्हा बघतीलच. मी म्हटलं, परीक्षेच्या दिवशी अभ्यास करतात का? जावई हसला, त्यामुळे लेकीला माघार घ्यावी लागली.

गॅरेजवाला साठीचा असेल, निळ्या डगल्यातला. मी हातवारे करून सांगितलं: पूर्ण वळवलं की, डावीकडे, टण्.

"आय," तो म्हणाला.

"रोज नाही. थंडीत जास्त."

"आय."

तिकडे होकाराला 'आय' म्हणतात. माझ्या आजोळी आईला आय म्हणत. त्यामुळे प्रत्येक वाक्याला तो आईची आठवण काढतोय असंच मला वाटत राहिलं. वर तो मला 'हेन' म्हणाला. म्हणजे कोंबडी. बायकांना मायेने तसं म्हणतात हे लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर तिथेच काही बोलून बसले असते.

मला पिवळ्या पट्टीच्या अलीकडे थांबवलं. गिऱ्हाइकाने आत यायचं नाही. गाडी लिफ्टवर चढली, त्याने टॉर्च पेटवला आणि माझे हात शिवशिवायला लागले. कुणीतरी तो धरायला हवा होता. तो चाकामागे वाकला, मग दातांतून हवा आत ओढली, 'स्स्स'. हा आवाज मला भाषांतराशिवाय कळला. आपल्याकडचा मिस्त्री या जागी मान तिरकी करून "ताई, काम निघालंय" म्हणतो.

स्प्रिंग तुटली होती. पुढच्या डाव्या चाकाची, सगळ्यात खालच्या वेढ्यात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून. स्प्रिंगवरच्या रंगाचा टवका उडालेला असेल तर ते पाणी आत शिरतं, गंज धरतो, आणि मग एखादा स्पीडब्रेकर पुरतो. तुटलेलं टोक बैठकीत अडकून राहतं, म्हणून गाडी चालते. चाक वळलं की सुटतं, टण् करून. अशी गाडी तपासणीत नापासच झाली असती. एक बदलायची तर दोन्ही बदला, म्हणजे गाडी कलणार नाही, असं तो म्हणाला, आणि यावर जगात कुठेही वाद घालता येत नाही.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तेव्हा त्याने निळ्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं. स्प्रिंगचं तुटलेलं टोक, करंगळीएवढं, बांगडीच्या तुकड्यासारखं वळलेलं. एक टोक सुबक कापलेलं, कारखान्यातलं. दुसऱ्या टोकाला अर्धा भाग तपकिरी, गंजलेला, आणि अर्धा चांदीसारखा लखलखीत. तपकिरी भाग म्हणजे महिनोन् महिने हळूहळू चाललेली भेग. लखलखीत भाग तुटला तो त्या दिवशी, पावणेचारला.

"चांगले कान आहेत तुमचे," तो म्हणाला. मी थँक्यू म्हणायच्या आत पुढच्या गाडीकडे गेलासुद्धा.

घरी पोचल्यावर मी तो तुकडा जेवणाच्या टेबलावर, लेकीच्या ताटाशेजारी ठेवला. एक शब्द बोलले नाही. तिने पाहिलं, कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"बरं," म्हणाली.

त्यानंतरचे दोन महिने मी असह्य झाले होते, हे मला मान्य आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र, कुणालाही सोडलं नाही.

परत आले त्याला आता आठ आठवडे झाले. स्प्रिंगचा तुकडा सामानात आणला, सध्या विजेच्या बिलावर ठेवला आहे. परवा लेकीचा निरोप आला: "आई, परत आवाज येतोय. या वेळी उजवीकडून. ऐक." खाली चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग.

पंखा बंद केला, फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. सेट्सवरची खडखड. इंडिकेटरची टकटक. जावयाचं "अगं इथून वळ". लेकीचा सुस्कारा. मागे बारीक टिणटिण. उजवीकडचं काही मला सापडलं नाही. पाच-सहा वेळा ऐकलं, इअरफोन लावूनही ऐकलं.

तिला लिहिलं, "नीट कळत नाहीये. अजून एक पाठव. जरा मोठं."