आमची वाटचाल : दहा बाय बाराच्या गाळ्यातून सुरू झालेलं पीएलसीचं काम

डिप्लोमा झाल्यावर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्सला लागलो. चार वर्षं कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) बदलले, ट्रिप झालेली ओव्हरलोड रिले दाबली आणि रात्री-अपरात्री सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. तिथंच एका मशीनवर मित्सुबिशीचा एफएक्स पीएलसी, म्हणजे मशीननं कधी काय करायचं ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, होता आणि त्याच्यासोबत हातात धरायचा छोटा प्रोग्रॅमर, कॅल्क्युलेटरचा मोठा भाऊ म्हणा. त्यावर लॅडरचं, म्हणजे शिडीसारखा काढलेल्या प्रोग्रॅमचं, चित्र दिसायचं नाही, एकेक इन्स्ट्रक्शन टाईप करायला लागायची. एक्स म्हणजे बटनासारखं इनपुट, वाय म्हणजे मोटरसारखं आऊटपुट. एलडी एक्स०, ऑर वाय०, अँड एक्स१, आऊट वाय०. झालं, मोटर स्टार्ट-स्टॉप. चार ओळीत. जे मी रिले, होल्डिंग कॉन्टॅक्ट (स्टार्ट बटन सोडल्यावर पण मोटर चालू ठेवणारा) आणि वायरचं जंजाळ करून करत होतो ते चार ओळीत बसतंय बघून त्या दिवशी जेवायचं पण विसरलो.

२००९ ला नोकरी सोडली. नागाव फाट्याजवळ दहा बाय बाराचा गाळा, एक सेकंडहँड लॅपटॉप आणि माझ्यासोबत एक वायरमन, जो आजपण आहे आणि माझ्यापेक्षा जास्त त्याचंच नाव विचारत लोक येतात. घरच्यांना अजून कळलेलं नाही आम्ही नक्की काय विकतो, आई पाहुण्यांना सांगते "मशीनला डोकं बसवतो".

सुरुवातीला एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेल्या ड्रिलिंगच्या मशीनी, पॅनल आणि प्रोग्रॅम दोन्ही आपलंच. चुका पण आपल्याच. एका सँड प्लांटला, म्हणजे फौंड्रीची वाळू तयार होते तिथं, बेल्टचं आऊटपुट वाय५ होतं, ऑटोच्या रंगमध्ये (रंग म्हणजे लॅडरची एक पायरी) लिहिलं आणि खाली मॅन्युअलच्या रंगमध्ये परत तेच लिहिलं. मॅन्युअलला बेल्ट मस्त फिरायचा, ऑटोला हलायचा नाही. लॅपटॉप लावून बघतोय तर ऑटोच्या रंगमधले सगळे कॉन्टॅक्ट निळे, म्हणजे चालू, कॉइल (पायरीच्या शेवटची आऊटपुटची खूण) मात्र निळी होत नाही. रात्री तीनपर्यंत वायरी तपासल्या, पीएलसीचं कार्ड खराब म्हणून पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, सांगून पण टाकलं होतं. पीएलसी वरनं खाली वाचत येतो, खरं आऊटपुट शेवटी एकदाच बदलतो, म्हणजे एकच कॉइल दोन ठिकाणी लिहिली की शेवटची जिंकणार, वरच्या रंगला कोण विचारत नाय. पुस्तकात वाचलेलं होतं हो, पण वाचलेलं आणि फौंड्रीत धूळ खात रात्रभर उभारून कळलेलं यात फरक आहे. कार्ड चांगलं होतं हे सकाळी सांगायला लागलं, ते जास्त जड गेलं.

पण जी चूक अजून झोपेत आठवते ती वेगळी. लोडशेडिंगचे दिवस होते. सँड मिक्सरला मी सेट-रिसेट (एकदा सेट केलं की रिसेट करेपर्यंत चालूच) वापरलं होतं, सोपं पडतं म्हणून, आणि बिट, म्हणजे चालू-बंद लक्षात ठेवायची पीएलसीतली जागा, घेतला एम५०० च्या पुढचा. एफएक्स२एन या पीएलसीला एम५०० पासनं पुढचे बिट लाईट गेली तरी लक्षात ठेवतात, सेटिंग बदललं नसेल तर. मी नंबर बघितलाच नव्हता, मोकळा दिसला म्हणून घेतला. लाईट गेली, ऑपरेटर मामांनी म्हटलं आता तासभर काय येत नाही, मिक्सर साफ करून घेऊ. मेन स्विच पाडला नाही. लाईट आली पंधरा मिनिटात आणि मिक्सर आपोआप सुरू. मामांचा हात नुकताच बाहेर आला होता, खोरं आत होतं, ते वाकडं झालं. मामा काही बोलले नाहीत, नुसतं ते वाकडं खोरं आणून माझ्या टेबलावर ठेवलं. मेन पाडायला पाहिजे होता हे खरं, पण ते म्हणायची माझी लायकी नव्हती.

तेव्हापासनं मोटरला सेट वापरायचं नाही हा आमच्याकडं नियम. साधं होल्डिंग, लाईट गेली की सुटलं पाहिजे, लाईट आल्यावर दिवा लुकलुकणार आणि माणसानं स्टार्ट दाबल्याशिवाय काही फिरणार नाही. स्टॉप बटन कायम एनसी, म्हणजे न दाबता जोडलेलं, दाबलं की तुटणारं. यात नवीन पोरं हमखास गोंधळतात, बटन एनसी म्हणून लॅडरमध्ये पण एनसी कॉन्टॅक्ट टाकतात आणि मग मोटर सुरूच होत नाही. अरे बाबा, लॅडरमधला कॉन्टॅक्ट म्हणजे बटन नव्हे, तो फक्त विचारतोय की इनपुटला चोवीस व्होल्ट आलेत का. बटन न दाबता आलेलेच असतात, म्हणून लॅडरमध्ये एनओ, म्हणजे एनसीच्या उलटा. आणि एवढं कशासाठी, तर वायर उंदरानं कुरतडली तर मशीन थांबावं म्हणून. एनओ बटन लावलं तर वायर तुटलेली कळते ती नेमकी थांबवायच्या वेळी. आमच्याकडं उंदीर आहेत, भरपूर.

बाकी किरकोळ गमती चालूच. एक्स७ नंतर डायरेक्ट एक्स१० येतो, मोजणी आठाची आहे, तर एक पोरगा अर्धा तास एक्स८ चं टर्मिनल शोधत होता. टाइमरचं तसंच, के म्हणजे आपण टाकलेला आकडा, टी० ला के३० म्हणजे तीन सेकंद, टी२०० ला तेच के३० म्हणजे पॉइंट तीन सेकंद, जॉब पकडणारा क्लॅम्प बसायच्या आत ड्रिल खाली. दोन ड्रिल मोडले, पैसे आम्ही भरले.

२०२१ ला चिपची टंचाई आली आणि नेहमीचा पीएलसी महिनोन्महिने मिळेना. पार्टी थांबणार नाही, मग जे मिळेल त्यावर, डेल्टा, सीमेन्सचा एस७-१२००, सगळे प्रोग्रॅम परत लिहिले. लॉजिक तेच, पण इनपुट-आऊटपुटचे पत्ते वेगळे, टाइमर वेगळे, सीमेन्सच्या ॲनालॉगला, म्हणजे कमीजास्त होणाऱ्या सिग्नलला, ४ मिलिॲम्पला शून्य आणि २० ला २७६४८ हा आकडा तर आता मोबाईल नंबरसारखा पाठ झालाय. १९९३ ला आयईसी ६११३१-३ हे पीएलसीच्या भाषांचं स्टँडर्ड आलं खरं, पण एका कंपनीचा प्रोग्रॅम उचलून दुसऱ्यात टाकला असं अजून होत नाही, बसून लिहायलाच लागतं. फायदा एक झाला, जुने प्रोग्रॅम वाचताना स्वतःचीच लाज वाटली आणि कमेंट, म्हणजे कुठली ओळ काय करते त्याची टीप, लिहायची सवय लागली. कमेंट मराठीत, अक्षरं मात्र इंग्रजी, कारण जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी झेपत नाही. "वाळूचं गेट उघड" असं लिहिलेलं मेंटेनन्सच्या पोराला रात्री कळतं.

आणि प्रोग्रॅमला पासवर्ड टाकत नाही. यावर धंद्यातले लोक हसतात, पार्टी दुसऱ्याकडं जाईल म्हणतात. जाऊ दे की. बाहेरून आलेली एक लॉक केलेली मशीन आम्ही उघडलीय, बनवणारा फोन उचलेना, पार्टीचं प्रॉडक्शन बंद. एकेक लिमिट स्विच (मशीनचा भाग ठरल्या जागी पोचला की दाबला जाणारा) हातानं दाबून कुठला इनपुट लागतोय ते वहीत लिहून नऊ दिवसात सगळा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. ते नऊ दिवस पार्टीचा मालक रोज सकाळी येऊन आमच्या मागं खुर्ची टाकून बसायचा. तसं कुणाला आपल्या पॅनलसाठी बसायला लागू नये.

आज सहाजण आहोत, गाळा मोठा झालाय, वाकडं खोरं भिंतीवर टांगलंय. परवा एका गुऱ्हाळाचं पॅनल टेस्टिंगला होतं, नव्या पोरानं सगळं चालवून दाखवलं आणि पॅक करू का विचारलं. वायरमननं काही न बोलता मोटर चालू असताना मेन एमसीबी पाडला, चहा पिऊन आला, परत उचलला. दिवा लुकलुकला, मोटर गप्प. मग टेम्पोवाल्याला फोन केला.